मागे घेतलेला शोधनिबंध

माझ्या सरांच्या नावावर एकही औषध नाही. जळगावच्या एका फार्मसी कॉलेजात त्यांनी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं. सुट्टीच्या दिवशी ते सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून फिरायचे. तिथले जाणते लोक दुखण्यांवर जी पानं, मुळं, साली देतात ती पिशव्या भरून आणायची, प्रयोगशाळेत तपासायची, टिपून ठेवायची, आणि पुन्हा निघायचं, असं त्यांचं चाललेलं असे. मग ते निवृत्त झाले. औषधांच्या दुकानात शोधलंत तर त्यांचं काही सापडणार नाही. तरीही कुणापुढे मान झुकवावी असं मला वाटलं असेल तर या एकाच माणसापुढे. का, ते सांगायचा प्रयत्न करते. बोलणं मला कधी जमलं नाही, लिहिणं त्यातल्या त्यात जमतं.

मी धुळ्यात वाढले. वडील पाटबंधारे खात्यात, त्यामुळे आम्ही तिथले असूनही बाहेरचेच होतो. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळं गाव बोलायचं ती अहिराणी मला नुसती ऐकू यायची, बोलता यायची नाही. त्यामुळे रस्त्यावर मी गप्प असायचे. हळूहळू ती सवयच झाली. बी.फार्म. झाल्यावर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला सरांच्या संशोधनात मदतनीस म्हणून जागा निघाली, तेव्हा मी मुलाखतीला गेले.

"उंदराला भिता का?" सरांनी विचारलं.

"हो."

"उंदीर पण तुम्हाला भिणार. जमेल तुमचं." मग माझे कागद बाजूला ठेवून म्हणाले, "खरं सांगू का, मला तुमचं इंग्रजी हवंय. माझं इंग्रजी पारोळ्याच्या बाजारातून घेतलेलं. आठवड्यातून एकदाच ताजं असतं."

सर पारोळ्याजवळच्या एका खेड्यातले. वर्गात शुद्ध बोलायचे, पण पिंजऱ्याचं दार उघडताना आवाज बदलायचा. पांढरा उंदीर तळहातावर घेऊन ते त्याच्याशी अहिराणीत काहीतरी पुटपुटत, आणि तो धडपडायचा थांबायचा. मी तसं करून पाहिलं. मला चावला. सर म्हणाले, "बेटा, त्याला इंग्रजी कळत नाही." त्या दिवसापासून मी 'तुम्ही'ची 'तू' झाले.

प्रयोगशाळा इमारतीच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या छपराखाली होती. एप्रिलमध्ये तिथे भट्टी व्हायची. आमचं काम सूज मोजण्याचं. उंदराच्या पायात सूज आणणारं द्रव्य टोचायचं, त्याआधी त्याला औषध पाजलेलं असायचं, आणि मग दर तासाला तो पाय पाऱ्याच्या नळीत खुणेपर्यंत बुडवून पारा किती चढला ते बघायचं. सूज जास्त तर पारा जास्त. मी मोजायचे, सर लिहायचे, कधी उलट. कोणत्या उंदराला साल दिली आहे आणि कोणाला नुसतं पाणी, हे आम्हा दोघांनाही माहीत नसे. बाटल्यांवर आकडे टाकायच्या त्या लायब्ररीतल्या बाई. यादी त्यांच्या कपाटात, कुलुपात. सगळं मोजून झालं की मगच ती यादी उघडायची. मला हे फार अवघड वाटायचं. निदान सरांनी तरी बघावं ना? एकदा मी तसं म्हणाले.

"आपल्याला काय हवंय ते उंदराला माहीत नसतं," सर म्हणाले. "पण मोजणाऱ्याच्या बोटाला माहीत असतं. बोटाला सांगायचंच नाही."

बारा वर्षं ते असं करत होते. बहुतेक वेळा यादी उघडल्यावर कळायचं की साल पाजलेला उंदीर आणि पाणी पाजलेला उंदीर यांत फरक नाही. सर मान हलवायचे, पान उलटायचे. बारा वर्षं मान हलवणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. आमच्या शाळेत एका परीक्षेत कमी गुण पडले तरी घरात सुतक असायचं.

ज्या सालीची ही गोष्ट आहे ती आम्हाला एका आबांनी दिली. चोपड्याला एसटी बदलायची, शिरपूरच्या बाजूला डोंगर जवळ यायला लागला की उतरायचं आणि तासभर चालायचं, असं त्यांचं गाव. आबांची थोडी कोरडवाहू जमीन होती, मोहाच्या दिवसांत घरचे सगळे फुलं वेचायला जायचे. सांधे सुजलेली माणसं मात्र लांबून लांबून त्यांच्याकडे येत. आबा एका झाडाची साल उकळून प्यायला देत. झाडाचं नाव इथे लिहीत नाही. झाडाचा यात काही दोष नाही. साल काढताना ते खोडाच्या एकाच बाजूची काढायचे, वीतभर, आणि उघड्या जागेवर ओली माती लिंपायचे. सर ते शेजारी बसून बघत होते, जणू देवळात बसावं तसे.

"आबा, याचं छापून येईल," सर म्हणाले. "तुमच्या गावाचं नाव घालून."

"नाव छापीसन काय व्हई?" आबा म्हणाले. "पाऊस येई का?"

साल घेऊन आम्ही परत आलो, सावलीत वाळवली. आणि सरांना विद्यापीठाच्या परीक्षेसाठी आठ दिवस धुळ्याला जावं लागलं. जाताना म्हणाले, "खलात कूट. हाताने. मी येईपर्यंत चूर्ण तयार ठेव."

ती साल नव्हती, लाकूड होतं. पहिल्या दिवशी मूठभर भरड झाली. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी मी जाड कापड गुंडाळून बसले आणि दुपारपर्यंत रडकुंडीला आले. मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहायचे, त्या अक्कांच्या गल्लीच्या तोंडाशी एक चक्की होती. पिठाची एक, आणि पलीकडे हळद-तिखटाची वेगळी. येता-जाता तिचा आवाज यायचा. संध्याकाळी मी सालीची पिशवी उचलली आणि तिथे गेले.

लग्नसराई होती. बायकांची ही गर्दी. मी त्याआधी कधी चक्कीवर गेले नव्हते. आमच्याकडे दळण आणायला बाई होती. काय विचारायचं असतं, कुठे उभं राहायचं असतं, काही माहीत नव्हतं. एक बाई कोपरापर्यंत पिवळे हात घेऊन भला मोठा डबा उचलत होती. चक्कीवाल्याने माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी पिशवी पुढे केली आणि बोट दाखवलं. लाकडासारखं दिसतंय म्हटल्यावर त्याने ती पिठाच्या चक्कीत घ्यायला नकार दिला आणि पलीकडच्या चक्कीत ओतली. मी बाहेर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने त्याने गरम, मऊ, तपकिरी चूर्ण माझ्या हातात दिलं.

मला फार हुशार वाटलं.

नोंदवहीत सरांचा नियम असा की, काहीही लिहायचं राहू नये. पाऊस पडला तरी लिहायचं. मी लिहिलं, 'चूर्ण तयार.' कुठे केलं ते लिहायची लाज वाटली. खोटं तर काही लिहिलं नव्हतं.

सर आल्यावर आम्ही मोजायला बसलो. तिसऱ्या तासाला काही उंदरांचा पाय जवळजवळ नेहमीसारखा दिसत होता. मी नळीकडे बघितलं, परत पाय बुडवला, परत बघितलं. सरांनी माझ्या हातून उंदीर घेतला आणि स्वतः मोजलं. आकडा लिहिला. संध्याकाळी लायब्ररीतल्या बाईंनी यादी उघडली. सूज उतरलेले सगळे उंदीर सालीचे होते.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "उद्या परत," म्हणाले. परत केलं. तेच. पुढच्या आठवड्यात नवे उंदीर, परत तेच. त्या दिवशी सर बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी दारातून बघत होते. ते हसत नव्हते, रडत नव्हते. नुसते बसले होते, हात गुडघ्यांवर ठेवून. बारा वर्षं एखाद्या बंद दारावर टकटक करावी आणि आतून कुणीतरी कडी काढावी, तसा त्यांचा चेहरा होता. मी इतक्या वर्षांत कुणाच्या चेहऱ्यावर तसं काही पाहिलं नाही.

शोधनिबंध आम्ही पावसाळ्यात लिहिला. सर मराठीत सांगायचे, मी इंग्रजी करायचे, ते प्रत्येक वाक्याला विचारायचे, "आपल्याला जेवढं दिसलं तेवढंच म्हटलंय ना?" एका मोठ्या नियतकालिकाने तो स्वीकारला. पत्र आलं तेव्हा कॉलेजच्या संचालक मंडळींनी सरांना बोलावून घेतलं. हा निबंध छापून आला की वनौषधींसाठी वेगळी प्रयोगशाळा बांधून देऊ, असं त्यांनी सांगितलं. पक्क्या भिंती, पंखे, उंदरांसाठी स्वतंत्र खोली. सरांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. ते रिकाम्या मैदानावर जाऊन पावलांनी लांबी-रुंदी मोजून आले. मला म्हणाले, "तुझं टेबल उत्तरेच्या खिडकीपाशी. तुला ऊन सोसत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात नवी साल आणली. त्याच झाडाची. या वेळी सर समोरच बसलेले असायचे, म्हणून मी निमूटपणे खलात कुटली. पुरे पाच दिवस. मोजलं. सूज उतरली नाही.

परत मोजलं. नाही.

सर म्हणाले, "गेल्या वर्षी पाऊस कमी होता. झाडावर फरक पडतो." मग म्हणाले, "या वेळी वाळवायला जास्त दिवस लागले." मग कारणं संपली. त्याच सुमाराला टपालाने निबंधाची मुद्रितं आली, तपासून दोन आठवड्यांत परत पाठवायची होती. सरांनी ती टेबलावर ठेवली, वर एक दगड ठेवला. रोज सकाळी ते दगड उचलत, पहिलं पान बघत, दगड परत ठेवत.

एका रविवारी अक्का मला म्हणाल्या, "पोरी, बाहेर चाललीस ना? एवढा गव्हाचा डबा चक्कीवर ठेव. आणि त्याला सांगजो, गव्हावरच टाक म्हणा. मागच्या वेळी मेल्याने बाजरीवर टाकला. पोळ्या काळ्या झाल्या पार."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे? आधीच्याचं पीठ चक्कीत राहतंच ना. बाजरी दळून झाली की लगेच गहू टाकला तर पहिलं पीठ बाजरीचं येणार. थांबायचं, आधी कुणाचा गहू होऊ द्यायचा, मग आपला." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "इतकी शिकलीस, तुला कुणी सांगितलं नाही?"

मी डबा उचलला. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. पिवळे हात डोळ्यांसमोर आले. हळद सुजेवर चालते हे आम्हाला कॉलेजातही शिकवलेलं होतं, आणि त्याआधी प्रत्येक आईने. आम्ही आबांची साल मोजलीच नव्हती. आम्ही कुणाच्या तरी लग्नाची हळद मोजली होती.

तीन दिवस मी काही बोलले नाही. हे लिहितानासुद्धा बरं वाटत नाही. मी कामावर जायचे, पिंजरे धुवायचे, पाणी भरायचे. सर दगड उचलायचे, ठेवायचे. माझ्या मनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायची की, न सांगितलं तर कुणालाही कळणार नाही. निबंध छापून येईल. भिंती उभ्या राहतील. साल वर्षावर्षाला बदलते असं लोक म्हणतील, सालींबद्दल लोक तसं म्हणतातच. आणि सरांचा तो पायरीवरचा चेहरा तसाच राहील.

चौथ्या दिवशी सकाळी सरांनी खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "आज पाठवून देऊ. पहिल्या वर्षी तीनदा दिसलं ते काही खोटं नाही."

"सर," मी म्हणाले, "ते चूर्ण मी खलात केलं नव्हतं."

माझा आवाज मलाच ऐकू येईना. मी परत सांगितलं. हाताचे फोड, चक्की, गर्दी, सगळं. सांगून झाल्यावर मी जमिनीकडे बघत राहिले. सर आता काय बोलतील याच्या किती तरी तऱ्हा मी तीन दिवस मनात करून ठेवल्या होत्या. ते जे बोलले ते त्यात नव्हतं.

"तुझ्या आधी कुणाचं दळण होतं?"

"हळदीचं. लग्नाची असावी. बरीच होती."

सर उठले. "चल," म्हणाले.

भर उन्हात आम्ही चक्कीवर गेलो. सर आत वाकून चक्कीचे दगड बघायला लागले, पिठाची कापडी नळी उलटी करून झटकायला लागले. तिथल्या बायका बघतच राहिल्या. चक्कीवाल्याने मला लगेच ओळखलं.

"ही ना? हो, आली होती. लाकडं दळायला. एक शब्द बोलली नाही हो सर! मला वाटलं मुकी आहे बिचारी. मी चार पैसे कमी घेतले."

"हळदीवर टाकलं होतं तुम्ही?"

"लग्नसराईत दुसरं काय असतं? हिने सांगायचं ना, आधी चक्की झाडा म्हणून. सांगितलं तर आम्ही मूठभर ज्वारी टाकून धुऊन काढतो. सगळ्या बाया सांगतात."

रांगेतली एक बाई खदखदून हसली. "कॉलेजात काय शिकवता मग तुम्ही? गव्हावर गहू शिकवत नाही?"

"नाही शिकवत," सर म्हणाले. "आता शिकवतो."

ते गंमत म्हणून बोलले नव्हते. मूठभर ज्वारी टाकून चक्की कशी धुतात, किती वेळ चालवतात, पहिलं पीठ कुठे जातं, हे त्यांनी उभ्याउभ्या त्या बाईला विचारलं, आणि खिशातल्या कागदावर लिहून घेतलं.

सर प्रत्येक चूर्णाचा थोडा नमुना झाकणबंद बाटलीत राखून ठेवत. पहिल्या वर्षीची बाटली होती. त्यातलं चिमूटभर त्यांनी स्पिरिटमध्ये भिजवलं आणि टीपकागदावर एक थेंब टाकला. तपकिरी डाग पसरला. डागाच्या बाहेरच्या कडेला एक बारीक पिवळी रेघ उमटली. ती आम्हाला आजवर दिसली नव्हती, कारण कुणी शोधलीच नव्हती. सरांनी आमच्या शिपाईकाकांना हाक मारली आणि त्यांच्या तंबाखूच्या डबीतला चुना मागितला. चुन्याचं पाणी बोटाने त्या रेघेवर लावलं. रेघ लाल झाली. हळद-चुन्याचं कुंकू होतं हे प्रत्येक घरात माहीत असतं. मग हाताने कुटलेल्या सालीचा थेंब टाकला. तपकिरी. चुना लावला. तपकिरीच.

शिपाईकाका म्हणाले, "सर, पुरे का चुना? की पान पण लावू?"

सर हसले. खरंच हसले. आणि मला हे समजेना की, ज्या माणसाची बारा वर्षं त्या टीपकागदावर लाल होऊन गेली, तो इतका रंगून कसा बघतोय. ते कागद उजेडाला धरत होते, जवळ नेत होते, लांब नेत होते. "किती सुंदर दिसतंय बघ," मला म्हणाले. मी बघितलं. खरंच सुंदर दिसत होतं.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. उरलेल्या दिवसांत त्यांनी कुटलेली साल, सालीत मिसळलेली हळद, आणि नुसती हळद, अशा बाटल्या करून लायब्ररीतल्या बाईंकडे दिल्या. आम्ही शेवटचं मोजमाप केलं. मी प्रत्येक पाय दोनदा बुडवून बघत होते. यादी उघडली. सगळं काम हळदीचं होतं. सरांनी मान हलवली, पान उलटलं.

मग निबंध मागे घेण्याचं पत्र लिहायचं होतं. ते मीच टाइप करणार, हे ओघानेच आलं. सर मराठीत सांगत गेले. सांगून झाल्यावर एक वाक्य मी माझ्या मनाने घातलं, की साहाय्यकाच्या निष्काळजीपणामुळे चूर्णात भेसळ झाली. माझ्या दृष्टीने ते अगदी खरं होतं, आणि सरांवर ठपका येऊ नये असं मला वाटत होतं. सरांनी पत्र वाचलं. त्या वाक्यावर रेघ मारली आणि वर स्वतःच्या पारोळ्याच्या इंग्रजीत लिहिलं की, दळणाच्या वेळी मी हजर नव्हतो आणि ते कसं झालं हे मी विचारलं नाही.

"सर, पण चूक माझी होती."

"लाकडासारखी साल तुला एकटीला कुटायला सांगून मी निघून गेलो. आल्यावर चूर्ण बघितलं, हात बघितले नाहीत. फोड दिसले असते." मग टाइपरायटरकडे बोट दाखवून म्हणाले, "माझ्या इंग्रजीतल्या चुका दुरुस्त कर. बाकी काही दुरुस्त करू नको."

ते पत्र मी सहा वेळा टाइप केलं. दर वेळी काहीतरी चुकायचं, कारण डोळे भरून अक्षरं धूसर व्हायची.

गोष्ट कॉलेजात पसरायला एक दिवस लागला. स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ प्राध्यापक मोठ्याने म्हणाले, "काय सर, हळदीचा शोध लावला म्हणे! आता मीठ घ्या पुढचं."

"मीठ नंतर," सर चहा ओतत म्हणाले. "आधी मिरची."

सगळे हसले. सरही. प्रयोगशाळेचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही. त्या मैदानावर पुढे सायकल स्टँड झाला.

मला वाटलं, विषय संपला. पण पुढच्या शनिवारी सर म्हणाले, "आबांकडे जायचंय." मी विचारलं, कशाला? "त्यांना सांगितलं होतं ना, छापून येईल म्हणून."

आबा अंगणात दोरी वळत बसले होते. सरांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. सर त्यांच्याशी एरवी अहिराणीत बोलायचे, पण त्या दिवशी नीट जुळवून, सावकाश, जणू परीक्षेत उत्तर द्यावं तसं मराठीत बोलले. तुमच्या सालीने आमच्या उंदरांची सूज उतरत नाही. पहिल्या वर्षी उतरली असं वाटलं, ती हळदीने. माझं छापून येणार नाही.

आबांनी दोरी थांबवली. "मंग? मी काय उंदरस्ले देस का?"

सर हसले नाहीत. आबांनीही मग हसू आवरलं. "चूक कोन्ही कयी?"

"मी," सर म्हणाले.

"मी केली, आबा," मी म्हणाले. त्या घरात मी तोवर एकदाही तोंड उघडलं नव्हतं. आबा दचकून माझ्याकडे बघायला लागले.

"हाई बोलस का!" मग ते आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. "दोन्ही जनं म्हनतस, मी, मी. आमना गावमा चूक व्हयनी की बठ्ठा म्हनतस, तो, तो."

आत कुणीतरी बाई हसली. आबा परत दोरी वळायला लागले, आणि खाली बघूनच त्यांनी विचारलं, "आते देनं बंद करू का?"

हा प्रश्न येणार हे माझ्या डोक्यातही नव्हतं. माणसं चालत, खाटेवर, बैलगाडीतून त्यांच्याकडे यायची.

"ते मी सांगू शकत नाही, आबा," सर म्हणाले. "मी उंदरावर बघितलं, माणसावर नाही. मला दिसलं नाही, एवढंच मी सांगू शकतो. उतरत नाही असं वाटलं तर माणसाला अडकवून ठेवू नका. शिरपूरच्या दवाखान्यात पाठवा. आणि साल खोडाच्या एकाच बाजूने काढता, तसंच काढत राहा."

आबांनी मान हलवली. अगदी सरांसारखी. मग म्हणाले, "बारा वरीसमा कितला डाक्टर उनात, साली लई गयात. मांगे फिरीसन कोन्हीच उना नही. तू उना. आनि काय सांगाले उना, तं मी चुकनू." साली घेऊन गेलेल्यांपैकी परत फिरून आलेले सर पहिलेच होते. आबांनी दोरीचं टोक दातात धरलं, गाठ मारली, आणि आतल्या बाईला आमच्यासाठी भाकरी टाकायला सांगितलं.

परतीची एसटी दुपारची होती. खिडक्यांतून गरम वारा येत होता. मी इतके दिवस न विचारलेला प्रश्न विचारला. आयुष्यात मी कुणाला असं काही विचारलं नव्हतं.

"सर, वाईट नाही वाटलं?"

"वाटलं," सर म्हणाले. "फार वाटलं. अजून वाटतंय."

बस चोपड्याच्या रस्त्याला लागली. शेतं नांगरून पडली होती, काळी, मोकळी. थोड्या वेळाने मी वळून बघितलं तर सर झोपले होते. डोकं खिडकीच्या गजाला लागत होतं, प्रत्येक खड्ड्याला आपटत होतं, तरी जाग येत नव्हती. इतकं मोठं काही गमावल्यावर माणूस असा गाढ झोपू शकतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी माझी ओढणी घडी करून गजाला गुंडाळली, आणि जळगाव येईपर्यंत ती हाताने धरून बसले.